दुसऱ्याच्या जागेत पडून जखमी झालात, तर पहिल्या दिवसापासून काय करायचं

सोसायटीच्या आवारात चेंबरचं झाकण तुटलेलं असतं. महिनाभर सगळे वळसा घालून ये-जा करतात. मग एके संध्याकाळी कुणाकडे तरी आलेल्या पाहुण्या बाईंचा त्यात पाय जातो आणि घोट्याचं हाड मोडतं. जमलेले लोक म्हणतात, 'बघून चालायला नको का?' घरचे म्हणतात, 'जिवावरचं पायावर निभावलं, देवाची कृपा.' ऑपरेशनचं बिल बाईंच्या घरचे भरतात. ज्यांनी झाकण बसवलं नाही त्यांना एका रुपयाचीही तोशीस लागत नाही.

असं होतं, कारण यात आपला काही हक्क आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी कधी कोर्टाची पायरी चढलेली नाही. वकिलाची गरज यानं संपत नाही. पण असं प्रकरण वकिलाकडे जाण्याआधीच्या पंधरा दिवसांतच बनतं किंवा बिघडतं, आणि त्या दिवसांतली कामं घरातलं कुणीही करू शकतं.

सुरुवातीला एकच प्रश्न: ताबा कुणाचा?

'धोकादायक जागेत झालेली इजा' या नावाचा एकच कायदा आपल्याकडे नाही. न्यायालयांनी निकालांमधून घडवलेलं निष्काळजीपणाचं तत्त्व आहे आणि त्याच्या आजूबाजूला अनेक कायदे आहेत. तत्त्व साधं आहे: जागेची देखभाल ज्याच्या हातात, तिथे येणाऱ्यांची वाजवी काळजी घेणं त्याचं काम. ती घेतली नाही आणि त्यामुळे तुम्हाला इजा झाली, तर भरपाई त्याने द्यायची. म्हणून सातबाऱ्यावर वा कागदावर मालक कोण यापेक्षा महत्त्वाचं असतं ते त्या दिवशी ती जागा कुणाच्या ताब्यात आणि देखभालीत होती हे.

सोसायटीचा जिना, लिफ्ट, आवार, पाण्याची टाकी ही सोसायटीची जबाबदारी. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नसेल आणि देखभाल अजून बिल्डरच पाहत असेल, तर बिल्डरही आला. दुकानाच्या आतली फरशी दुकानदाराची, पण दुकानाबाहेरचा पॅसेज मॉल चालवणाऱ्या कंपनीचा. भाड्याच्या घरातली पडझड बहुतेक वेळा घरमालकाची. रस्ता, फुटपाथ, बाग, गटारावरचे ढापे यांना महापालिका, नगरपरिषद किंवा सार्वजनिक बांधकाम खातं जबाबदार. कंत्राटदार मध्ये असेल तर 'आम्ही काम त्याला दिलं होतं' हे उत्तर हमखास मिळतं. ते ऐकून गप्प बसू नका. मेरठच्या २००६ च्या प्रदर्शनातील आगीत ६५ जणांचा बळी गेला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आयोजकांचा 'सगळं कंत्राटदाराकडे होतं' हा बचाव मान्य केला नाही. भरपाईचा भार आयोजकांवर ६० आणि राज्य सरकारवर ४० टक्के टाकला. तेव्हा शंका असेल तिथे मालक, ताबेदार आणि कंत्राटदार अशा तिघांनाही पत्र द्या. कोण किती जबाबदार, हे नंतर ठरतं.

आणखी दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५० मध्ये कोसळला आणि खाली माणसं मेली. मनोऱ्याचं वय ८० वर्षं होतं आणि अशा बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षं धरलं जात होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये म्हटलं की चांगली देखभाल केलेला मनोरा आपोआप पडत नाही, म्हणजे दोष घडल्या गोष्टीतच दिसतो. आता पालिकेने सांगावं की तिची चूक कशी नव्हती. जखमी माणसाला प्रत्येक वीट सैल होती हे सिद्ध करावं लागत नाही, ते या निकालामुळे. छज्जा कोसळला, लिफ्ट तुटली, पंखा डोक्यावर पडला अशा प्रकरणांत वकील आजही याच तत्त्वाचा आधार घेतात.

दुसरा निकाल १९५८ चा, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा. पावसात भिंत पडून मुलं दगावली. मालक म्हणाला, दैवी आपत्ती. पाऊस पडला होता २.६६ इंच. न्यायालयाने सांगितलं की पावसाळ्यात एवढा पाऊस पडायचाच आणि तो सोसेल अशी भिंत ठेवणं हे मालकाचं काम. दर जून-जुलैत संरक्षक भिंती पडतात आणि दर वेळी 'अतिवृष्टी' हे कारण पुढे येतं, तेव्हा हा निकाल आठवावा.

परवानगीशिवाय आत गेलेल्या माणसाचं काय? त्याचा हक्क कमी होतो, हे खरं. पण संपत नाही. डुकरांपासून पीक वाचवायला कुंपणात वीज सोडण्याचे प्रकार आपल्याकडे गावोगाव होतात. बिहारमधल्या एका खटल्यात मालकाने संडासाभोवती जिवंत तार लावली होती, आणि विनापरवाना तिथे गेलेली बाई विजेच्या धक्क्याने मेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये मालकाला दोषीच ठरवलं. घुसखोर असला तरी त्याच्यासाठी सापळा लावायचा अधिकार कुणाला नाही.

दवाखान्यात काय सांगता, ते कागदावर येतं

इजा झाली की आधी उपचार, हे सांगायला नको. तातडीचा रुग्ण आला तर पोलिसांची वाट न पाहता सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने उपचार करायचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण याच टप्प्यावर एक चूक फार जण करतात, आणि ती पुढे दुरुस्त करता येत नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

भरती करताना डॉक्टर विचारतात, 'कसं लागलं?' सोबतचा नातेवाईक म्हणतो, 'घरी पाय घसरला.' का? पोलिसांचं लचांड नको म्हणून. सोसायटीचे सचिव शेजारीच उभे असतात, त्यांच्याशी वाकडं नको म्हणून. मेडिक्लेम अडकेल या भीतीने. डॉक्टर तेच केसपेपरवर लिहितात. दीड वर्षाने हाच कागद न्यायालयात समोरच्याच्या वकिलाच्या हातात असतो आणि तो एकच प्रश्न विचारतो: 'पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः सांगितलंत की घरी पडलात. आता खरं काय?' या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं.

म्हणून जे घडलं तेच, जागेसकट आणि वेळेसकट सांगा: 'अमुक सोसायटीच्या गेटजवळ चेंबरच्या उघड्या झाकणात पाय गेला, संध्याकाळी सात-सव्वासात.' डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचून घ्या. चुकलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करायला सांगा. मोठी इजा असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद करायला सांगा आणि तिचा नंबर लिहून घ्या. एक्स-रे, सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, रिक्षाचं भाडं, वॉकर आणि कुबड्यांच्या पावत्या हे सगळं एका पिशवीत तारखेनुसार ठेवा. रुग्णालयाची पूर्ण फाइल मागायचा तुम्हाला हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार लेखी मागणी केल्यावर ती ७२ तासांत द्यावी लागते.

जागा दुरुस्त व्हायच्या आत

झाकण दुसऱ्या दिवशी सकाळी बसवलं जातं. दिवा लागतो. फरशीवर ओल्या जागेची पाटी येते. माणूस पडल्यावर सगळ्यांना जाग येते. म्हणून तुम्ही दवाखान्यात असाल तर त्याच रात्री भावाला, मुलाला, मैत्रिणीला जागेवर पाठवा.

फोटो लांबून आणि जवळून, दोन्ही हवेत. लांबच्या फोटोत इमारतीचं नाव, दुकानाची पाटी असं ओळखीचं काहीतरी यावं. जवळच्या फोटोत खड्ड्याशेजारी मोजपट्टी ठेवा, ती नसेल तर फूटपट्टी किंवा पाण्याची बाटली, म्हणजे खोली आणि रुंदी कळते. रात्रीचा अपघात असेल तर फ्लॅश न लावताही फोटो काढा, कारण अंधार किती होता हा पुराव्याचाच भाग आहे. चालत चालत सलग व्हिडिओ करा आणि तारीख, वेळ, ठिकाण तोंडाने बोला. हे सगळं मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीची गुणवत्ता घटते आणि मूळ नोंदीही निघून जातात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ज्या फोनने फोटो काढला तो हाताशी असला की ते काम सोपं होतं. पडताना घातलेली चप्पल आणि कपडे जपून ठेवा. 'त्यांची चप्पलच झिजलेली होती' हा बचाव नेहमीचा आहे.

साक्षीदारांची नावं आणि नंबर त्याच दिवशी घ्या. वॉचमन, इस्त्रीवाला, समोरचा पानवाला, कामाला येणाऱ्या मावशी यांना सगळं माहीत असतं. वॉचमनची एजन्सी महिन्याभरात बदलते आणि मग तो सापडत नाही. 'हे झाकण गणपतीपासून तुटलंय' असं कुणी म्हणालं तर ते शब्द, नाव आणि तारीख लिहून ठेवा. धोका आधीपासून होता आणि तो ताबेदाराला माहीत होता, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं उभं राहतं.

लेखी पत्र: चार दिवसांच्या आत

सीसीटीव्हीचं चित्रण कायम राहत नाही. डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. तोंडी मागून ते मिळत नाही, 'कॅमेरा बंद होता' हेच ऐकू येतं. लेखी पत्र गेल्यावर मात्र ते पुसणं समोरच्याला जड जातं, कारण मागणी करूनही पुरावा ठेवला नाही यावरून न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. पत्र असं लिहा:

प्रति, अध्यक्ष / सचिव (संस्थेचे नाव व पत्ता).
विषय: आपल्या आवारात झालेला अपघात, चित्रण व कागदपत्रे जपून ठेवण्याबाबत.
दि. ____ रोजी सायंकाळी सुमारे ७.१० वाजता 'ब' इमारतीच्या प्रवेशद्वारासमोरील चेंबरच्या तुटलेल्या झाकणात पाय जाऊन मी पडले. माझ्या उजव्या घोट्याचे हाड मोडले असून उपचार चालू आहेत. त्या जागी दिवा बंद होता व धोक्याची कोणतीही सूचना लावलेली नव्हती. तरी,
१. त्या दिवशीचे सायं. ५ ते रात्री ९ या वेळेतील आवारातील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवावे व त्याची प्रत मला द्यावी.
२. या झाकणाबाबत आलेल्या तक्रारी, समितीच्या सभांची इतिवृत्ते व देखभालीच्या कंत्राटाची कागदपत्रे जपून ठेवावीत.
३. संस्थेची विमा पॉलिसी असल्यास कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक कळवावा व विमा कंपनीस अपघाताची सूचना द्यावी.
माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे.

दोन प्रती न्या आणि एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. घेत नसतील तर वाद न घालता स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, शिवाय ईमेल करा. पत्रात राग, शिव्या, 'बघून घेतो' असलं काही नको. रकमेची मागणीही या पत्रात नको, कारण इजा किती मोठी आहे हे अजून तुम्हालाच कळलेलं नसतं.

तिसरा मुद्दा लोक वगळतात. मॉल, हॉटेलं, मोठ्या सोसायट्या यांच्याकडे अशा दाव्यांसाठी विमा असू शकतो, आणि तो असला की समोरच्याचा विरोध बराच मावळतो.

पोलिस ठाण्यात

दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा हयगयीने इजा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मृत्यू झाला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. इमारतीची दुरुस्ती किंवा पाडकाम करताना काळजी न घेणं कलम २९० मध्ये येतं आणि पाळलेल्या कुत्र्याला किंवा जनावराला आवर न घालणं कलम २९१ मध्ये. कलम १२५ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणून नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) करून परत पाठवलं तर एफआयआरचा आग्रह धरा. तरी घेतला नाही तर पोलिस अधीक्षक वा उपायुक्तांना लेखी अर्ज करा, आणि त्यानंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

माझं मत विचाराल तर, किरकोळ इजेत एफआयआरपेक्षा पंचनामा जास्त कामाचा. जागा कशी होती हे सरकारी कागदावर, पंचांच्या सह्यांनिशी नोंदलं जातं. मृत्यू, कायमचं अपंगत्व, लिफ्ट, वीज, होर्डिंग, बांधकाम यांत मात्र एफआयआर झालाच पाहिजे. लिफ्टचा अपघात महाराष्ट्रात विद्युत निरीक्षकांनाही कळवावा लागतो, आणि त्यांचा अहवाल हा फार मोठा पुरावा ठरतो.

फौजदारी खटल्याने दोषीला शिक्षा होते, तुमचं बिल त्यातून निघेलच असं नाही. भरपाईचा रस्ता वेगळा आहे आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

दहा रुपयांचा अर्ज

सोसायटी किंवा मॉल माहिती अधिकारात थेट सापडत नाही, पण त्यांचे कागद सरकारी कचेऱ्यांत असतात. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला दहा रुपयांचा अर्ज करा आणि विचारा: या इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस दिली होती का? ३० वर्षांहून जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचं प्रमाणपत्र लागतं (मुंबईत महापालिका अधिनियमाचं कलम ३५३ ब, इतर महापालिकांत २६५ अ), ते सादर झालं का? या रस्त्याच्या, झाकणाच्या, झाडाच्या तक्रारी मागच्या दोन वर्षांत किती आल्या आणि त्यांवर काय केलं? अग्निशमन दलाकडे दर जानेवारी आणि जुलैला द्यायचं 'बी' फॉर्मचं, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तरी ते जपा. प्रमाणपत्रच नव्हतं याचा तो लेखी पुरावा आहे.

मुदती: इथे प्रकरणं मरतात

तुमची बाजू कितीही खरी असो, मुदत टळली की दार बंद होतं. खासगी मालकाविरुद्ध निष्काळजीपणाचा दिवाणी दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत. मृत्यू झाला असेल तर वारसांचा दावा मृत्यूपासून दोन वर्षांत. ग्राहक आयोगात दोन वर्षं.

महापालिका किंवा नगरपरिषद असेल तर सगळं बदलतं. मुंबई महापालिका अधिनियमाचं कलम ५२७, इतर महापालिकांसाठी कलम ४८७ आणि नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमाचं कलम ३०४ हेच सांगतात: आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. प्लास्टर निघून फिजिओथेरपी संपेपर्यंत सहा महिने सहज निघून जातात. 'आधी बरं होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांचे हक्क इथेच बुडतात. तेव्हा समोर पालिका असेल तर पहिल्याच महिन्यात नोटीस जाऊ द्या. राज्य सरकार वा केंद्र सरकारचं खातं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. गोव्यात वा इतर राज्यांत स्थानिक संस्थांच्या नोटिशीचे नियम तिथल्या कायद्यात पाहावे लागतील. बाकीचे बरेचसे कायदे केंद्राचे, म्हणून सारखेच.

कुठे जायचं

तुम्ही पैसे मोजून तिथे गेला होतात का, हे आधी पाहा. वॉटर पार्क, नाट्यगृह, लॉज, मंगल कार्यालय, रुग्णालय, जिम इथे तुम्ही ग्राहक असता आणि सुरक्षित जागा देणं हा सेवेचाच भाग आहे. माझ्या मते सामान्य माणसासाठी हाच सर्वांत सोयीचा रस्ता. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे लोणावळ्याला पडलेल्या साताऱ्याच्या कुटुंबाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. कुठल्या आयोगात जायचं हे तुम्ही मोजलेल्या किमतीवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. ती किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावायची सक्तीही नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलता येतं. तिकीट, पार्किंगची पावती, कॉफीचं बिल फेकू नका. मॉलमध्ये 'तुम्ही आमचे ग्राहक होता कशावरून?' असं विचारलं जातं, तेव्हा तोच चिठोरा बोलतो.

पाहुणे म्हणून, पार्सल द्यायला किंवा वाटसरू म्हणून गेला असाल तर दिवाणी न्यायालय. तिथे वेळ लागतो, हे आधीच मनाशी धरा. कामावर असताना लागलं असेल, म्हणजे बांधकामावर किंवा कारखान्यात, तर कामगार नुकसानभरपाईच्या तरतुदी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचा रस्ता आहे. तिथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, म्हणून तो आधी पाहावा. विजेची तार तुटून धक्का बसला तरी चूक सिद्ध करायची गरज नाही. अशा धोक्याच्या धंद्याची जबाबदारी वीज कंपनीवरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे.

रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी मॅनहोल्स यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ ला दिलेला आदेश प्रत्येकाला माहीत असायला हवा. मृताच्या वारसांना सहा लाख, जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. त्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. हे पैसे कायद्याने मिळणाऱ्या इतर भरपाईच्या वर आहेत. अर्ज करायला एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद आणि जागेचे फोटो जवळ ठेवा. विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयात असतं.

किती मागायचं

बिलांची बेरीज म्हणजे भरपाई नव्हे. उपचारांचा आजवरचा आणि पुढचा खर्च (प्लेट काढायचं ऑपरेशन धरून), बुडालेली मजुरी वा पगार, कमावण्याची क्षमता घटली ती, सेवेला ठेवलेल्या बाईचा पगार, वेदना, आणि आयुष्यातलं जे गेलं ते, असे वेगवेगळे मुद्दे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार या मोटार अपघाताच्या खटल्यात मांडले, आणि इतर इजांतही वकील त्यांचाच आधार घेतात. त्यात एक बारकावा आहे. अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी. डाव्या हाताची दोन बोटं गेली तर कारकुनाचं काम चालू राहील, पण शिंप्याचं वा सुताराचं थांबेल. म्हणून काम काय करता, रोज किती मिळतं, याचा पुरावा द्या. बँकेचं पासबुक, मुकादमाचं पत्र, ऑर्डरची वही, काहीही चालेल. गृहिणीच्या कामालाही न्यायालयं किंमत देतात, 'ती कमवत नव्हती' हे ऐकून घेऊ नका. कायमचं अपंगत्व आलं असेल तर यूडीआयडी या अपंगत्व ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज करून सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्या.

समोरून काय येईल

'मालक जबाबदार नाही' ही पाटी दाखवतील. अशी सरसकट पाटी लावून काळजी घेण्याची जबाबदारी झटकता येत नाही. 'फरशी ओली आहे, इथून जाऊ नका' असं नेमकं लिहून, दोरी बांधून वाट बंद केली असेल आणि तरी तुम्ही गेलात, तर मात्र तुमची बाजू कमजोर होते. मोबाइलवर बोलत होतात, पळत होतात, असंही म्हणतील. तुमचीही थोडी चूक निघाली तर दावा संपूर्ण जात नाही, भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होते.

झाडाबाबत सावध करतो. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड पडून माणूस मेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये पालिकेला जबाबदार धरलं नाही. झाड कुजलेलं होतं, कललेलं होतं, त्याची लेखी तक्रार झाली होती, असं काही हाती असेल तरच असं प्रकरण उभं राहतं. म्हणून दारासमोरच्या वाळलेल्या झाडाची तक्रार आजच करून तिचा क्रमांक ठेवा. कुणाच्या तरी घरच्यांना तो उपयोगी पडेल.

मग तडजोडीची बोलणी सुरू होतात. कुणीतरी दहा-वीस हजारांचं पाकीट घेऊन दवाखान्यात येतं, सोबत एक कागद. त्यावर 'पूर्ण व अंतिम, यापुढे तक्रार नाही' असं लिहिलेलं असतं. पैसे नाकारायची गरज नाही, सही मात्र विचार करून. पावतीवर स्वतः लिहा: 'उपचारखर्चापोटी तात्पुरती मदत म्हणून, हक्क राखून स्वीकारले.' हे चालत नसेल तर पाकीट परत करा. हाड जुळलं का, दुसरं ऑपरेशन लागणार का, हे डॉक्टरांनी लेखी सांगितल्याशिवाय अंतिम तडजोड करू नका. ती करायची वेळ आली की लोकअदालतीत करा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, म्हणजे चेक वटला नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. पण त्यावर अपील नसतं, तेव्हा आकडा नीट ठरवून बसा.

वकील आणि पैसा

'जिंकलो तरच फी, मिळेल त्यातले तीस टक्के' असा सौदा भारतात वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांनी तो बंद आहे. असा प्रस्ताव घेऊन दवाखान्यात येणाऱ्या एजंटला वाटेला लावा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो, आणि स्त्री असेल तर उत्पन्नाची अटही नाही. फोन १५१००.

शेवटी घरातलं एक पासबुक उघडून पाहा. वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता आहे: अपघाती मृत्यू वा दोन डोळे, दोन हात, दोन पाय निकामी झाल्यास दोन लाख, एक निकामी झाल्यास एक लाख. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. या दोन्हींसाठी कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. बँकेत अपघाताची लेखी सूचना लगेच द्या आणि तिच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या.